बाजेखालचे निखारे

माझ्या आजाराला आधी आवाज होता. रूप नंतर आले. सुती साडीचा पदर दंडावरून उतरू लागला की तो अडखळत उतरे, वाळक्या केळीच्या पानावरून कोणी बोट ओढावे तसा. कातडी फार कोरडी झाली म्हणजे ती ऐकू येते. हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. त्यांतही त्या बायांसाठी, ज्यांच्या कोपराच्या लवणीत लहानपणापासून खाज वस्तीला आहे आणि ज्यांचे बाळंतपण ऐन हिवाळ्यात येणार आहे.

मी पांढुर्ण्याच्या एका शाळेत मराठी शिकवते. माहेर सौंसरचे. घरामागे संत्र्याची बाग आहे, आणि सातपुड्यावरून उतरणारा वारा त्या बागेतून गाळून आमच्या अंगणात येतो. तो वारा सुगंधी असतो आणि निर्दय असतो. लहानपणी दिवाळी सरली की माझे ओठ उलत, पोटऱ्यांवर नदी आटल्यावरच्या गाळासारख्या भेगा पडत. माय रात्री खोबरेल चोळी. होळीपर्यंत सारे आपोआप मावळे. ‘हिचं अंग हिवाळ्याचं वैरी आहे,’ एवढेच त्या दुखण्याचे नाव होते. डॉक्टरी नाव असू शकते, असे आमच्या घरात कोणाला वाटले नाही.

बाज

पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे मी सौंसरला आले. मार्गशीर्षात रेवा झाली. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा मायने मागची खोली तयार करून ठेवली होती. खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या, दाराला गोधडी टांगलेली, मधोमध बाज आणि बाजेखाली निखाऱ्यांचे घमेले. निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकल्या की खोलीभर कडू-गोड धूर भरे. त्या धुराचा वास आजही आला तर माझ्या अंगावर काटा येतो. तेव्हा मात्र तो मला आईच्या कुशीसारखा वाटला होता.

सकाळी कढत पाण्याने न्हाणे. माय स्वतः घाली, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे.

“माय, पोळून राहिलं व.”

“पोळूच दे. बाळतिनीच्या हाडात थंडी शिरली तं जनमभर निंगत नाही. माया मायनं मले असंच न्हाऊ घातलं, अन् मी पाय कशी ठणठणीत आहो.”

न्हाण्याआधी अंगाला डाळीचे पीठ आणि संत्र्याच्या सालीची पूड. सौंसरच्या घरांत संत्र्याची साल फेकली जात नाही. ती गच्चीवर वाळते, कुटली जाते आणि लग्नाच्या नवरीपासून बाळंतिणीपर्यंत सगळ्यांच्या अंगाला लागते. माझ्या अंगाला ती लागली तेव्हा प्रत्येक भेगेत वेगळी ठिणगी पडली. मी ओरडले. मायला वाटले, मळ निघतो आहे.

खरेच काहीतरी निघत होते. सकाळी चादर झटकली की कवडशात पांढरा भुगा तरंगे. माय हसून म्हणाली, “सापिनीवानी कात टाकून राहिली माई पोरगी. नवीकोरी निंगशीन आता.” मीही हसले. त्या भुग्यात मला सौंदर्यच दिसले होते, हे सांगायला आज लाज वाटते.

भुगा थांबला नाही. पोटऱ्यांवरची लाली मांड्यांवर चढली, मांड्यांवरून पोटावर, पोटावरून छातीवर. कोठे आपली कातडी संपते आणि कोठे ती लाली सुरू होते, अशी सीमाच उरली नाही. पावले सुजली. आणि मग मला थंडी वाजू लागली.

खाली निखारे धगधगत असताना वर मी दातावर दात आपटीत बसले होते. अंगात ताप नव्हता. थर्मामीटर पाहून माय अधिकच घाबरली. “पाय, शिरलीच थंडी. केस ओले नको ठेवू म्हणून राहिली होती न मी?” तिने बाजेखाली दुसरे घमेले सरकवले. न्हाण्याचे पाणी आणखी कढत झाले. दाराला दुसरी गोधडी आली. मी जितकी कुडकुडे तितका विस्तव वाढे, आणि जितका विस्तव वाढे तितकी मी कुडकुडे. आमच्या प्रेमाने असे वर्तुळ आखले होते, आणि त्यातून बाहेर पडण्याची फट आम्ही चिंध्यांनी बुजवली होती.

दूध

खरी भीती मात्र माझ्या अंगाची नव्हती.

रेवा छातीशी आली की तिच्या गालाला माझी कातडी घासे. ताज्या लोण्यासारखा तो गाल लालसर होई. मी मध्ये मऊ मलमलीचा तुकडा धरू लागले. पहिल्या दिवसांतच मी आणि माझी लेक यांच्यामध्ये कापड आले. मग स्तनाग्रांना चिरा पडल्या. ती ओढे तेव्हा माझ्या टाचा बाजेच्या सुंभात रुतत. एका दुपारी तिने तोंड सोडले आणि ओठांच्या कडेला दूध गुलाबी दिसले. मी पदराने ते पुसून टाकले. कोणाला सांगितले नाही. सांगितले तर पाजू देणार नाहीत, एवढा एकच विचार मनात होता.

त्या रविवारी माझे पती राजेश पांढुर्ण्याहून आले. दारातली गोधडी बाजूला करून ते आत आले आणि तसेच उभे राहिले.

“हे काय झालं व? हे... तूच आहे न?”

मायने घाईघाईने सांगितले, “थंडी शिरली, जवाईबापू. सव्वा महिना होऊ द्या, ठीक होऊन जाईन.”

“मामी, हिले नागपूरले न्या लागते. उद्याच.”

“सव्वा महिन्याच्या आत बाळतीन शिव नाही ओलांडत.”

राजेशचा आवाज सासरी कधी चढलेला मी ऐकला नव्हता. तेव्हाही तो चढला नाही, उलट खाली गेला. “मामी, ही मरून जाईन. मंग तुमचा सव्वा महिना कोण मोजन?”

 मायने रेवाचे दुपटे आवरायला घेतले.

पडद्यापलीकडे

नागपूरच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी पडदा ओढून घेतला आणि सगळे कपडे उतरवायला सांगितले. मी उतरवू लागले तसे तपासणीच्या खोलीतल्या स्वच्छ फरशीवर माझे पापुद्रे पडू लागले, ढीगभर. मी ते पायाने पलंगाखाली सारू लागले. त्या म्हणाल्या, “राहू द्या हो, झाडता येतं.” एवढेच चार-पाच शब्द. त्या आजारातली पहिली सावली मला तेथे मिळाली.

त्यांनी नाव सांगितले. अंगभर पसरलेला एक्झिमा, एरिथ्रोडर्मा. ऐकताना ते नाव मला एखाद्या दूरच्या, दगडी गावासारखे वाटले. मग त्या म्हणाल्या, “कातडी म्हणजे घराचं छप्पर समजा. तुमचं छप्पर उडून गेलं आहे. अंगातली ऊब आणि पाणी सारखं बाहेर जातंय, म्हणून तुम्ही कुडकुडताय. बाहेरची थंडी आत शिरलेली नाही. खालून विस्तव लावून छप्पर बांधलं जात नाही. उलट, जे थोडं उरलं होतं तेही वाळून गेलं.”

पडद्याच्या पलीकडे माय उभी होती. पडदा सरला तेव्हा ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती स्वतःच्या तळहातांकडे पाहत होती.

मग दुसरी गोष्ट आली. पोटातून घेण्याच्या गोळ्या सुरू केल्या तर बाळाला पाजता येणार नव्हते.

“नाही,” मी म्हणाले.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. आधी नुसत्या मलमांवर आणि ओल्या पट्ट्यांवर पाहू, असे ठरले. ताप आला किंवा कोठे पू दिसला, तर मात्र त्या थांबणार नव्हत्या.

ओले कपडे

वॉर्डातला दिवस पाण्याने सुरू होई. कोमट पाणी, हाताला लागले न लागलेसे. त्यात अंग बुडवून काढायचे, घासायचे नाही, टॉवेलने नुसते टिपायचे. अंग ओलसर असतानाच मेणासारखे पांढरे मलम, केसांच्या वळणाने, वरून खाली. त्यावर कोमट पाण्यात भिजवून पिळलेले सुती कपडे. त्यावर कोरडे कपडे. ओल आत कोंडून राहावी म्हणून.

सासूबाई रेवाला घेऊन दवाखान्याजवळच्या खोलीत राहिल्या होत्या. पाजण्यापुरते तिला वॉर्डात आणत. माय माझ्यापाशी होती. पौषाच्या गारठ्यात बाळंतिणीच्या अंगावर ओले कापड चढताना तिने पाहिले आणि सिस्टरचे मनगटच धरले.

“मारता काय माया पोरीले?”

“आजी, बाहेर बसा तुम्ही.”

“ओलं कापड! चवथा हप्ता नाही सरला हिचा! कोन्या शास्त्रात लिवलं आहे?”

“माय, राहू दे,” मी म्हणाले. “मला बरं वाटून राहिलं.”

हे खरे होते. त्या ओल्या कापडाखाली, इतक्या दिवसांत प्रथमच, माझी कातडी गप्प झाली होती. ते मी बोलून गेले आणि मायच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरले. तिच्या कढत पाण्याने जे झाले नाही ते एका परक्या पोरीच्या कोमट पाण्याने झाले होते. मी गप्प राहायला हवे होते का, हे मला अजून कळत नाही. दुपारी ती चहाला म्हणून खाली गेली. संध्याकाळी राजेशला सौंसरहून फोन आला की माय बसने घरी पोचली आहे.

माझ्या समोरच्या खाटेवर तिगावच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. कोठल्याशा औषधाने त्यांचीही कातडी अशीच उतरली होती. त्या मला ‘सोललेली’ म्हणत. “काय व सोललेली, झोप झाली काय?” एकदा म्हणाल्या, “सोललेलं संत्रं अन् आपण एकच. उघडं ठेवलं का सुकते, झाकून ठेवलं का सडते. देवानं खावं तरी, नाहीतं साल तरी परत द्यावी.” हसताना त्यांचे ओठ फाटत, म्हणून त्या पोटाने हसत. एका सकाळी जाग आली तेव्हा त्यांच्या खाटेवर नवी चादर ताणलेली होती.  सिस्टरने मलमाचा डबा उघडताना माझ्याकडे पाहिले नाही.

त्याच संध्याकाळी मला ताप भरला.

डब्यातले

काखेत आणि छातीच्या घडीत पू झाला होता. डॉक्टर आल्या, खुर्ची ओढून बसल्या. आता गोळ्या टाळता येणार नाहीत, म्हणाल्या. मी मान फिरवली. राजेश म्हणाले, “ऐक न.” मी ऐकले नाही. माझ्याजवळ त्या वेळी एकच गोष्ट उरली होती जी फक्त मीच रेवाला देऊ शकत होते. तीही गेली, तर मी कोण, असा माझा प्रश्न होता. तो मी कोणाला विचारला नाही, कारण त्याचे उत्तर मला नको होते.

सासूबाई फटकळ. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ‘कविता वाचून वरण नाही शिजत’ असे ऐकवलेल्या. त्या खाटेच्या कडेला टेकल्या. रेवा त्यांच्या खांद्यावर झोपली होती.

“कायले हट्ट करून राहिली व?”

“तिला दूध...”

“दूध डब्यातलं भेटते. माय डब्यातली भेटत नाही.” थांबून, समोरच्या नव्या चादरीकडे हनुवटीने खूण करून त्या म्हणाल्या, “तिकडं पाय. पाहिलं? आता घे ही पोरगी. एकदा पाज, अन् गोयी खा.”

मी रेवाला घेतले. त्या दिवशी मी मध्ये कापड धरले नाही. ती डोळे मिटून ओढत राहिली. तिच्या घशाचा आवाज, गिळण्यानंतरचा तो इवलासा सुस्कारा, टाळूवरचा आंबूस वास, माझ्या बोटाभोवती घट्ट होणारी तिची मूठ. वाचलेल्या कोठल्याही ओळीची मला आठवण झाली नाही. दुखत होते, आणि ते थांबू नये असे वाटत होते. मग तिचे तोंड आपोआप सुटले आणि सासूबाईंनी तिला उचलले.

दूध आटतानाचे दिवस मी लिहिणार नाही. एवढेच सांगते की शरीराला निरोप पोचायला वेळ लागतो. मजल्यावर कोठेही कोणाचे बाळ रडले की माझी छाती दगडासारखी भरून येई, आणि ओल्या पट्ट्या आतून दुसऱ्याच ओलीने भिजत.

जे कळले ते

गोळ्यांनी काम केले. लाली आधी चेहऱ्यावरून उतरली, मग पाठीवरून. नखे गळून नवी आली. केस विरळ झाले. एके दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला बोट फिरवले तर आवाज आला नाही. मी पुन्हा फिरवले. मग रडले.

ज्यांची कातडी माझ्यासारखी आहे त्यांना सांगते. पाणी कढत नको. तुमच्या सोसण्याने ते मोजू नका, लहान मुलाला चालेल इतकेच कोमट ठेवा. न्हाणे लवकर उरका. साबण सौम्य, तोही काखेपुरता. डाळीचे पीठ, साल, लिंबू, काही घासू नका. मलम किंवा साधे व्हॅसलिन अंग ओलसर असतानाच लावा. वाळल्यावर लावलेले म्हणजे दार बंद झाल्यावर आलेला पाहुणा. लोकर थेट अंगाला लागू देऊ नका, आत सुती घाला. मलमाने माखलेल्या कपड्यांनी चुलीजवळ, शेगडीजवळ जाऊ नका. ते कापड चटकन पेट घेते. आणि भेगांतून पाणी येऊ लागले, लाली पसरू लागली, किंवा ताप नसताना हुडहुडी भरली, तर घरात भांडण झाले तरी चालेल, डॉक्टरकडे जा. आमच्या घरातले भांडण उशिरा झाले.

राहिली ती मायची गोष्ट. ती सुटलेली नाही. रेवाच्या पहिल्या वाढदिवसाला आम्ही सौंसरला गेलो. सकाळी मी म्हणाले, “माय, आज तू घाल न तिला आंघोळ.” ती पदराला हात पुसत राहिली. “नाही व. माया हाताले आता अंदाज नाही राहिला.” मग न्हाणीच्या दाराबाहेर, उंबऱ्यापाशी ती बसली, पाण्याचा आवाज संपेपर्यंत. मी दार उघडे ठेवले होते. ती आत आली नाही.

दुसरा हिवाळा

यंदाच्या हिवाळ्यात पांढुर्ण्याच्या घरी मला रेवाच्या कोपराच्या लवणीत खरखरीत ठिपका सापडला. डोळ्यांआधी बोटाला सापडला. मी बराच वेळ ते बोट तेथेच ठेवून बसले होते. मी तिला जे देऊ शकले नाही ते आठवत होते, आणि जे नकळत दिले ते बोटाखाली होते.

डॉक्टर म्हणाल्या, घाबरू नका. रोज न चुकता मलम लावा, एवढेच.

रेवा मला ‘आई’ म्हणते. पण पडली तर आजीकडे, माझ्या सासूबाईंकडे, धावते, झोप आली तर आजीचाच पदर तोंडात घेते, आणि मी उचलले तर पाठीची कमान करून रडते. दवाखान्यातून परतले तेव्हा ती माझ्या मलमाच्या वासाला भ्यायली होती. तो वास गेला, सवय राहिली. सासूबाई तिला माझ्याकडे देऊ पाहतात. “जाय न, माय आहे तुयी, वाघ नाही.” ती जात नाही. त्या मग नजर चुकवून आत जातात, आणि मला त्यांचा राग करता येत नाही.

मलम मात्र मीच लावते. पहिल्या दिवशी ती किंचाळली. दुसऱ्या दिवशीही. मी तळहात एकमेकांवर घासून मलम ऊन करून घेते, मग तिच्या ओलसर पाठीवरून खाली आणते. पाठ, पोट, कोपरे, गुडघ्यांच्या मागच्या वळ्या. सासूबाई कोरडा झबला घेऊन दारात उभ्या असतात. लावून झाले की ती त्यांच्याकडेच झेपावणार, हे आम्हां दोघींना माहीत असते.

आज सकाळी तिचा एक पाय लावून झाला आणि मी डबा उघडायला वळले. परत पाहिले तर तिने दुसरा पाय माझ्यापुढे धरला होता.